यतीम मुले आणि असमर्थ प्रौढांचे कायदेशीर पालकत्व : सांभाळतो कोण आणि सही कोणाची?

महागावसारख्या तालुक्यात घरातला कमावता माणूस गेला की चाळिसावा व्हायच्या आधीच कागदांचे काम सुरू होते. तलाठ्याकडे वारस नोंद, बँकेतले खाते, विम्याचा दावा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर 'पालकाचे नाव' असा रकाना असतो. आपण तिथे आईचे नाव लिहितो, कधी चाचांचे, कधी मामूंचे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरला तेवढे पुरते. पण मुलाच्या वाट्याचे दुकान विकायचे असेल किंवा त्याच्या नावावरची ठेव मोडायची असेल, तर दुय्यम निबंधक किंवा बँकेचा अधिकारी वेगळाच प्रश्न विचारतो : या मुलाच्या वतीने सही करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

हाच प्रश्न दुसऱ्या एका घरातही येतो. मुलगा जन्मापासून मतिमंद आहे, आईवडिलांनी त्याला हातावर वाढवले, आता तो १९ वर्षांचा झाला. किंवा अब्बांना लकवा मारला, ते कोणाला ओळखत नाहीत आणि सगळे पैसे त्यांच्या एकट्याच्या खात्यात अडकले आहेत. सांभाळणारे घरचेच असतात, पण सहीचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

सांभाळ करणे ही एक गोष्ट आणि कायद्याने पालक असणे ही दुसरी गोष्ट आहे. या दोन गोष्टींमधला फरक वेळेवर न कळल्यामुळे कितीतरी व्यवहार दहा-पंधरा वर्षांनी कोर्टात जातात आणि सख्खी माणसे एकमेकांसमोर उभी राहतात. म्हणून कोणाला कुठे जावे लागते आणि कोणता कागद लागतो, ते इथे एकत्र दिले आहे.

हिजानत आणि विलायत

मुस्लिम वैयक्तिक कायद्यात मुलाच्या पालकत्वाचे दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे हिजानत, म्हणजे लहान मुलाला जवळ ठेवून वाढवण्याचा हक्क. हा हक्क सर्वांत आधी आईचा आहे. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ती आईकडे राहतात. शाफई आणि शिया मतांमध्ये वयाच्या मर्यादा वेगळ्या आहेत. कोकणातली बरीच कुटुंबे शाफई आहेत, विदर्भ-मराठवाड्यात बहुतेक हनफी. आई नसेल तर नानीचा हक्क येतो, मग दादीचा.

दुसरा भाग म्हणजे विलायत, म्हणजे मुलाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा आणि त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार. हा अधिकार ठरलेल्या क्रमाने जातो : आधी वडील, मग वडिलांनी वसीयतीत नेमलेला वसी, मग दादा, मग दादांनी नेमलेला वसी. यांपैकी कोणीच नसेल तर अधिकार काझीचा. आपल्या देशात आज काझीच्या जागी न्यायालय आहे.

या यादीत आई नाही. चाचा, मोठा भाऊ, मामू हेही नाहीत. 'अब्बा गेले, आता चाचाच वली' असे घरोघरी म्हटले जाते, पण मालमत्तेच्या बाबतीत ते खरे नाही. चाचा मुलांची फी भरत असतील, शेत कसत असतील, तरी मुलांच्या हिश्श्याच्या खरेदीखतावर त्यांची सही चालत नाही.

१९१८ चा निकाल आणि आजची स्थिती

हा मुद्दा प्रिव्ही कौन्सिलच्या १९१८ च्या निकालाने पक्का झाला. त्या प्रकरणात आईने अज्ञान मुलांचा हिस्सा विकला होता. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते सय्यद अमीर अली, त्या न्यायमंडळावर बसलेले पहिले भारतीय. आई मुलांना सांभाळते म्हणून ती मालमत्तेची कायदेशीर वली होत नाही आणि तिने न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली स्थावर मिळकतीची विक्री मुलांवर बंधनकारक नाही, असे त्यांनी ठरवले. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयानेही तीच रेघ धरली आहे. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न पुन्हा आला, तेव्हाही त्या न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आपल्यावर बंधनकारक असल्याचे सांगितले.

हे वाचून आईला काहीच अधिकार नाही असा अर्थ काढू नये. आईपुढे दोन रस्ते पूर्ण खुले आहेत. एक, वडिलांनी हयातीत तिला वसी नेमणे. दोन, न्यायालयाकडून स्वतःची पालक म्हणून नेमणूक करून घेणे. दोन्हींपैकी एक कागद हातात असला की तिचा अधिकार कायदेशीर होतो.

२४ भागांचा हिशोब

ही गोष्ट किती मोठी आहे ते एका साध्या हिशोबाने कळेल. समजा, एक माणूस वारला. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. त्याचे आईवडील आधीच गेलेले. कर्ज आणि मेहर फिटल्यावर एक दुकान आणि घर उरले. त्या मिळकतीचे २४ भाग केले तर पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ३ भाग, मुलाला १४ भाग आणि मुलीला ७ भाग.

म्हणजे विधवा आई ज्या घराला 'आपले घर' म्हणते, त्यातल्या २४ पैकी २१ भागांची मालक तिची अज्ञान मुले आहेत. दुकान विकून मुलीचा निकाह करू, दवाखान्याचे बिल भरू, सावकाराला देऊन टाकू, असे तिने ठरवले तर ती स्वतःच्या सहीने फक्त ३ भाग विकू शकते. उरलेल्या २१ भागांसाठी अधिकारपत्र आणि परवानगी दोन्ही लागतात. खरेदी करणाऱ्यानेही हे ओळखले पाहिजे. स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले दुकान मुले मोठी झाल्यावर वादात सापडते.

सातबाऱ्यावरचे 'अ.पा.क.'

वारस नोंद झाली की अज्ञान मुलांची नावे सातबाऱ्यावर चढतात आणि शेजारी 'अ.पा.क.' असे लिहून आईचे किंवा दुसऱ्या कोणाचे नाव येते. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही महसुली नोंद आहे. मुलाच्या वतीने नोटीस कोणाला द्यायची, सारा कोणाकडून घ्यायचा, एवढ्यासाठी ती असते. तिच्यामुळे जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा हक्कसोड करून देण्याचा अधिकार मिळत नाही. फेरफारात आपले नाव आले म्हणजे आपण वली झालो, हा समज गावात फार पसरलेला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोचतो. कापसाच्या या पट्ट्यात शेतकरी आत्महत्यांमुळे तरुण वयात विधवा झालेल्या बायका गावोगाव आहेत आणि त्यांची मुले लहान आहेत. नापिकी आणि कर्जामुळे झालेल्या आत्महत्येत पात्र कुटुंबाला राज्य सरकार एक लाख रुपयांची मदत देते. जुन्या नियमानुसार त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. कर्ज मात्र त्यापेक्षा मोठे असते. सासरकडची माणसे 'जमीन विकून मोकळे होऊ' म्हणतात, तिच्यापुढे कोरा किंवा अर्धा भरलेला कागद ठेवतात. अशा वेळी सही करण्याआधी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जाऊन कागद दाखवणे हा तिचा हक्क आहे.

वडिलांनी हयातीत करायचे काम : वसी नेमणे

वसीयत म्हटले की आपल्याला एक-तृतीयांशची मर्यादा आठवते. ती मर्यादा मालमत्ता कोणाला द्यायची याबद्दल आहे. मुलांच्या मालमत्तेची व्यवस्था कोण पाहील, म्हणजे वसी कोण, हे ठरवायला ती आड येत नाही. सुन्नी कायद्यात वडील आपल्या पत्नीला वसी नेमू शकतात. असे केले की वडिलांच्या पश्चात आई ही मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक होते आणि दादा हयात असले तरी तिचा क्रम आधी लागतो.

कागद साधा असतो. अमुक अमुक माझी अज्ञान मुले, माझ्यानंतर त्यांच्या मालमत्तेची वसी माझी पत्नी, ती नसेल तर अमुक व्यक्ती, तारीख, सही, दोन साक्षीदार. मुस्लिम कायद्यात वसीयत तोंडी केली तरी चालते. पण तोंडी शब्द बँकेत आणि दुय्यम निबंधकाकडे सिद्ध करत बसावे लागते, म्हणून ती लिहून ठेवावी आणि जमल्यास नोंदणी करावी. घरात लहान मुले आहेत, नावावर शेत, घर किंवा दुकान आहे, अशा प्रत्येक बापाने हा एक कागद करून ठेवला तर त्याच्या बायकोच्या कोर्टाच्या किती फेऱ्या वाचतील!

न्यायालयाकडून पालक नेमून घेणे

वसी नाही, दादा नाहीत, किंवा दादा आहेत पण व्यवस्था पाहण्याच्या स्थितीत नाहीत, तर 'पालक व पाल्य अधिनियम, १८९०' खाली अर्ज करावा लागतो. हा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा हे अधिकार दिलेल्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात होतो. महागावकरांना त्यासाठी पुसद किंवा यवतमाळला जावे लागते. नेमके कुठे, ते मिळकत आणि मुलाचे राहण्याचे ठिकाण पाहून वकील सांगतील.

अर्जात लागतात : मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म आणि राहण्याचे ठिकाण, जवळच्या नातेवाइकांची नावे-पत्ते, मालमत्तेचे वर्णन आणि अंदाजे किंमत, अर्ज का करावा लागला याचे कारण. सोबत मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, सातबारा, आठ-अ, घराचा नमुना आठ, आधार. न्यायालय नातेवाइकांना नोटीस काढते. कोणी हरकत घेतली नाही तर काम लवकर होते, हरकत आली तर साक्षीपुरावे चालतात.

पालक कोणाला नेमायचे हे ठरवताना न्यायालय मुलाचे हित पाहते. वय, लिंग, धर्म, अर्जदाराचा स्वभाव आणि कुवत, नाते किती जवळचे, वारलेल्या आईवडिलांची काही इच्छा होती का, हे सगळे तपासले जाते. मूल समजण्याच्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्यालाही विचारू शकतात.

नेमणूक झाली तरी सगळे मोकळे होत नाही. नेमलेला पालक न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मिळकत विकू, गहाण टाकू, बक्षीस देऊ किंवा अदलाबदल करू शकत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त किंवा मूल सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या पुढे जाईल असा भाडेपट्टाही देऊ शकत नाही. परवानगी दोनच कारणांनी मिळते : मुलाची खरी गरज किंवा उघड फायदा. न्यायालय जामीन-बंधपत्र मागू शकते, मिळकतीची यादी आणि हिशोब मागू शकते. गैरव्यवहार केला तर पालकाला काढून टाकते.

परवानगीशिवाय केलेला असा व्यवहार मुलाला रद्द करून घेता येतो. पालकाने केलेले हस्तांतरण रद्द करण्यासाठी मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. आणि ज्याला पालक म्हणून कसलाच अधिकार नव्हता, अशा चाचा-मामूंनी केलेली विक्री मुळातच टिकत नाही.

हे सगळे ऐकायला सरकारी वाटते, पण यतीमाच्या मालाबद्दल आपल्या दीनने घातलेली बंधने यापेक्षा सैल नाहीत. सूरह निसाच्या सुरुवातीच्या आयतींमध्ये यतीमाचा माल आपल्या मालात मिसळून खाण्याची सक्त मनाई आहे, त्याला समज आली का ते पारखून मग त्याचा माल त्याच्या हवाली करण्याचा आणि त्या वेळी साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. कोर्टाने मागितलेला हिशोब हा त्याच जबाबदारीचा कागदी भाग समजावा.

मूल कोणाकडे राहणार?

तलाक किंवा खुला झाल्यावर मुलाच्या ताब्यावरून वाद होतो, तेव्हा 'सात वर्षे झाली, आता मुलगा बापाचा' असे पंचायतीत सांगितले जाते. न्यायालय वैयक्तिक कायदा विचारात घेते, पण शेवटचा शब्द मुलाच्या हिताचा असतो. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नऊ वर्षांच्या एका मुस्लिम मुलाचा ताबा आईकडे दिला. वयाचा नियम बापाच्या बाजूचा असला तरी मुलाचे हित आईजवळ आहे, असे न्यायालयाने मानले.

ताबा कोणाकडेही असो, खर्चाची जबाबदारी बापाची राहते. मुस्लिम मुलांनाही फौजदारी प्रक्रियेतल्या पोटगीच्या कलमाखाली खर्च मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. ते जुने कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ झाले आहे. त्याच कलमात शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या सज्ञान मुलाचाही समावेश आहे. म्हणजे अपंग मुलगा १८ वर्षांचा झाला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही.

आईवडील दोघेही नसतील तर

दादी, नानी किंवा खाला मूल सांभाळत असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बाल संगोपन योजनेची चौकशी करावी. या योजनेत पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एक पालक वारलेल्या मुलांनाही ही योजना लागू होऊ शकते. आदेश बाल कल्याण समिती देते.

दत्तक हा वेगळा विषय आहे. शरीयतमध्ये यतीमाला घरात घेऊन वाढवणे मोठ्या सवाबाचे, पण त्याचा वंश आणि वारसा बदलत नाही. ज्यांना हाच मार्ग हवा, त्यांनी १८९० च्या कायद्याखाली पालक व्हावे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते असे सांगितले. तो पर्याय आहे, सक्ती नाही.

१८ वर्षांनंतर : असमर्थ प्रौढांचे पालकत्व

इथे आईवडिलांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते, मग त्याची बौद्धिक वाढ पाच वर्षांच्या मुलाएवढी असली तरीही. त्या दिवशी आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. पुढे पालक राहायचे असेल तर नव्याने नेमणूक करून घ्यावी लागते. अवस्थेप्रमाणे रस्ते वेगळे आहेत.

*१. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता.* या चार अवस्थांसाठी 'राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९' आहे. कोर्टात जावे लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आपल्यासाठी ही समिती यवतमाळला. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, अर्जदाराशी नाते दाखवणारा कागद आणि पालक होणाऱ्याची संमती लागते. पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी आहे, हे समिती ठरवते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा असतो. समितीचे प्रमाणपत्र बँकेत चालते. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च देते.

*२. इतर दिव्यांगत्व.* 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' मध्ये २१ प्रकार मोजले आहेत. या कायद्याची भूमिका अशी की दिव्यांग माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो, त्याला मदत द्यावी. मदत देऊनही निर्णय घेणे शक्य नसेल तरच जिल्हा न्यायालय किंवा नेमलेले प्राधिकरण 'मर्यादित पालक' देते. तो ठरावीक निर्णयासाठी आणि ठरावीक काळासाठी असतो, आणि त्याने त्या व्यक्तीची इच्छा विचारात घेऊन, तिच्या सोबतीने निर्णय घ्यायचा असतो.

*३. मानसिक आजार.* 'मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७' मे २०१८ पासून लागू आहे. त्यात सज्ञान माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुढे आजार बळावला तर कोणते उपचार करावेत आणि त्या वेळी माझा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण. पण हा प्रतिनिधी उपचारापुरता आहे. मालमत्तेवर त्याची सही चालत नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती नव्या कायद्यात राहिली नाही.

*४. कोमा, स्मृतिभ्रंश, मेंदूची मोठी इजा.* कोमातल्या माणसासाठी पालक नेमण्याचा स्वतंत्र कायदा देशात नाही. अशी कुटुंबे थेट उच्च न्यायालयात जातात. ज्यांचे कोणी नाही त्यांचा पालक राज्य, या जुन्या तत्त्वावर न्यायालय पत्नीला किंवा मुलाला पालक नेमते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याची पद्धत आखून दिली : डॉक्टरांचा अहवाल, महसूल अधिकाऱ्यांकडून मालमत्तेची माहिती, नंतर पालकाने द्यायचा हिशोब. मुंबई उच्च न्यायालयानेही अशा अर्जांवर नेमणुका केल्या आहेत. यवतमाळ जिल्हा नागपूर खंडपीठाखाली येतो.

सूरह निसामध्येच समज कमी असलेल्यांच्या हाती माल देऊ नका, पण त्यातून त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी नीट बोला, अशी ताकीद आहे. पालक झालो म्हणजे त्या माणसाचा माल आपला झाला, असे धर्मही म्हणत नाही आणि कायदाही.

मुखत्यारपत्र कुठे चालते, कुठे नाही

अब्बांना लकवा आहे, चालता येत नाही, पण समज शाबूत आहे, तर पालकाची गरज नाही. त्यांनी मुलाला मुखत्यारपत्र द्यावे. सही होत नसेल तर अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा लागतो.

मात्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपते. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये हे स्पष्ट आहे. 'अब्बा कोमात आहेत, पण माझ्याकडे त्यांचे मुखत्यारपत्र आहे' असे म्हणून केलेला व्यवहार पुढे अडचणीत येतो. म्हणून म्हातारपणी एकट्याच्या नावावर सगळी रक्कम ठेवण्यापेक्षा, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे संयुक्त खाते वेळेवर केलेले बरे. विश्वासाचा माणूस मात्र नीट पाहून निवडावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अज्ञान मुलाचे बँक खाते आई उघडू शकते का?*
हो. रिझर्व्ह बँकेने १९७६ पासूनच आईला पालक म्हणून खाते उघडू देण्याची मुभा दिली आहे. २०२५ च्या सूचनेत ती पुन्हा सांगितली आहे. दहा वर्षांवरील मूल बँकेने घातलेल्या मर्यादेत स्वतःही खाते चालवू शकते. मालमत्तेची वली नाही म्हणून आईला खाते नाकारणाऱ्या शाखेला ही सूचना दाखवावी.

*अपघाती मृत्यूची भरपाई मिळाली. मुलांच्या वाट्याचे पैसे लगेच का देत नाहीत?*
मोटार अपघात न्यायाधिकरण अज्ञान मुलांची रक्कम साधारणपणे सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून ठेवते. शिक्षण किंवा आजारपणासाठी गरज असेल तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून पैसे मागता येतात.

*कोर्टात आधीच केस चालू आहे आणि वारसांपैकी एक अज्ञान आहे. वेगळे पालकत्व लागेल का?*
त्या केसपुरता 'वादमित्र' किंवा पालक न्यायालय नेमू शकते. पण त्याचा अधिकार त्या केसपुरताच. मिळकत विकण्यासाठी तो उपयोगी नाही.

*जमातीने किंवा काझींनी पालक ठरवून दिला तर?*
घरातला सांभाळ ठरवायला, वाद मिटवायला त्याचा मोठा उपयोग होतो. न्यायालयात अर्ज करताना सगळ्या नातेवाइकांची लेखी संमती जोडली तर काम हलके होते. पण बँक आणि नोंदणी कार्यालय न्यायालयाचाच आदेश मागते.

*वकिलाची फी परवडत नाही.*
महिला, मुले आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समिती किंवा यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करावा. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

घरात आत्ताच करून ठेवायची कामे

१. लहान मुलांच्या वडिलांनी वसी नेमणारी वसीयत लिहावी. तिची एक प्रत पत्नीकडे आणि एक विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी.

२. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर यांतले नाव-जन्मतारीख एकसारखी आहे का ते पाहावे. पालकत्वाच्या अर्जात सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. 'शेख' कुठे आधी, कुठे नंतर, कुठे नाहीच, अशी गडबड आपल्या मुलांच्या कागदांत नेहमी सापडते.

३. मतिमंद किंवा स्वमग्न मूल १७ वर्षांचे झाले की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अद्ययावत करून स्थानिक स्तर समितीच्या अर्जाची तयारी सुरू करावी. आईवडिलांनंतर पालक कोण, हेही भावंडांशी बोलून आत्ताच ठरवावे.

४. वारस नोंदीत मुलींची नावे लावावीत. अज्ञान मुलीचा हिस्सा मुलाच्या हिश्श्यासारखाच कायद्याने राखलेला आहे आणि तिच्या वतीने कोणालाही हक्कसोड करून देता येत नाही.

५. यतीमाच्या मालमत्तेतून येणारे भाडे, पीक, व्याज यांची साधी वही ठेवावी : तारीख, रक्कम, कशावर खर्च. कोर्टाने मागितली नाही तरी ठेवावी. मूल सज्ञान होईल तेव्हा साक्षीदारांसमोर ती वही त्याच्या हातात देता आली पाहिजे.

वरची माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष मिळकतीचा व्यवहार करण्याआधी आपले कागद घेऊन वकिलाला किंवा विधी सेवा समितीला भेटावे.